भिकाची एकवीस स्नाने

नैवेद्याच्या ताटात द्राक्षे दिसली की प्रकाशा गावचा नदीघाट आठवतो. पहिल्या महायुद्धावरून माझा बालमित्र भिका परतला होता. फ्रान्समधले एक प्राचीन गाव तो पाहून आला होता. माझे पुराण सोडून सारे त्याच्याभोवती बसत.

"आपला सातपुडासारखाच डोंगर शे, पायथाले द्राक्षास्न्या वेलीच वेली! दारू मातर नही पिधी, भटजी!"

समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त मी सांगायचे होते; त्यावाचून त्याला पंगतीत पान नव्हते. माझ्या गुरूंच्या मते एक स्नान पुरे होते. मत्सराने मी पौषातली एकवीस सांगितली.

शेवटची बुडी मारून तो कुडकुडत हसला, "भटजी, तू बी तठे फ्रान्समा ऱ्हाता तं मजा येती!"

मला न दिसलेल्या गावाची शिक्षा मी त्याला देत होतो, आणि तो मनाने मलाच तेथे नेत होता.