माझंच नाव सापडेना

रक्तासाठी फोन आला तर आमच्या हडपसरच्या ऑफिसात फारसं कुणी दचकत नसे. रक्तदात्यांची वेबसाइट आम्हीच चालवत होतो, फुकट. रक्तगट टाका, भाग टाका, फोन नंबर घ्या. अडलंनडलं विचारायला खाली ऑफिसचा नंबर होता. त्या दुपारी तिकडून एक माणूस हुंदका गिळत बोलत होता.

"ताई, वाघोलीवरनं आलोय. बायको बाळंत झालीया, रगात थांबंना. ओ निगेटिव्ह हाय तिचं, दोन पिशव्या लागत्यात. तुमचं मशीन कुनीच न्हाई म्हनतंय. अख्ख्या पुन्यात कुनी न्हाई व्हय?"

"असं कसं कुणी नाही?" मी तडकले. "मी आहे ना!"

माझा गट ओ निगेटिव्ह. साइटवर पहिला फॉर्म मीच भरलेला. मी शोधून पाहिलं, तर 'एकही रक्तदाता उपलब्ध नाही.' मी खुर्चीत धडधाकट बसलेली, आणि मशीन मला नाही म्हणतंय!

सकाळी लाइट गेले, यूपीएसनंही मान टाकली आणि मशीन दाणकन बंद पडलं होतं. लाइट आल्यावर ते आपोआप सुरू झालं. फॉर्म सगळे शाबूत होते. ते शोधून देणारा इंडेक्स तेवढा बिघडला होता, पुस्तक धड आणि मागची सूची फाटलेली असावी तसा. मेलं बंद तरी राहायचं! सकाळपासून येईल त्याला ते सभ्यपणे 'नाही' सांगत होतं, आणि लोक विश्वास ठेवत होते.

मी शोध बंद केला आणि पानावर लिहिलं, 'शोध बिघडला आहे. रक्तदाते आहेत. फोन करा.'

साहेब धावत आले. "अहो, असं जगजाहीर कशाला?"

"सकाळपासून आपण खोटं बोलतोय म्हणून."

बॅकअप काढला, तर तो लाइट आल्यानंतरचा, म्हणजे बिघडलेल्या इंडेक्सचीच नक्कल. आता एकेक फॉर्म वाचून इंडेक्स नव्यानं बांधायचा. काम सुरू केलं, पण ते पुढे सरकता सरकेना. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "तू जा रक्त द्यायला. इथलं मी बघते."

"मॅडम, तुम्ही गेलात आणि हे अडकलं तर?" साहेब म्हणाले.

"ही आहे ना. इथलं काम ही करेल, फक्त तिथं रक्त हिचं चालणार नाही."

रक्तपेढीत एका हातात सुई, दुसऱ्यात मोबाइल. दारात तो वाघोलीचा माणूस उभा. "ताई, दुसरी पिशवी?" इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

फोन वाजला. "झाला गं इंडेक्स! ओ निगेटिव्हमध्ये पहिलं नाव तुझंच."

मला हसू आलं आणि रडूही. आत्ताच रक्त दिल्यामुळे आता चार महिने त्या नावाचा काडीचा उपयोग नव्हता. "पुढचं वाच, बाई!"

पुढचे एक कसबा पेठेतले दुकानदार होते. तिनं त्यांना आधीच फोन लावला होता. दुकानाचं शटर ओढून ते निघाले होते. आले, बाही वर केली आणि मला म्हणाले, "तुमचं मशीन बिघडलं सकाळी. मी दिवसभर दुकानातच होतो. मला आधीच फोन करायचा होता."

दुसरी पिशवी चढली. ती बाई वाचली. नवऱ्यानं माझे पाय धरले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं निदान फोन केला होता. त्याच्याआधी सकाळी ज्यांनी शोधलं आणि 'नाही' वाचून पान बंद केलं, ते कोण होते, त्यांचं माणूस वाचलं की नाही, मला कधीच कळलं नाही.