सुभेदारांनी वाचलेली चिठ्ठी

कऱ्हाडच्या आमच्या कॉलेजात हॉकीचा हंगाम संपला की बक्षिसं कुणाला द्यायची हे सर ठरवत नसत. तो मान मैदानाकडेच्या बांधावर बसून सामने बघणाऱ्या आम्हा तीसेक पोरांचा होता. खेळता आमच्यातल्या एकालाही येत नव्हतं. ओरडता मात्र सगळ्यांना यायचं. बक्षिसं दोनच. हंगामातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूला फेटा, आणि पंचाशी सर्वांत जास्त भांडणाऱ्याला नारळ. प्रत्येकानं चिठ्ठीवर नाव लिहून ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. एका वर्षी वाचणाऱ्यानं भलतंच नाव वाचलं म्हणून मारामारी झाली होती. तेव्हापासून चिठ्ठी मोठ्यानं वाचायची आणि मग बांधाकडे वळवून सगळ्यांना दाखवायची, असा नियम पडला होता.

मी आटपाडीकडचा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. कागदावर सही करणारा मी पहिला. बहात्तरच्या दुष्काळात निम्मी मेंढरं गेली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी मी कॉलेजात आलो तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, माझं अक्षर. गावच्या मास्तरांनी बोरूनं घोटून घेतलेलं. त्या अक्षरामुळे सामन्यांचा फळा लिहायचं काम मला मिळालं. त्यामुळेच संघाच्या कप्तानाशी ओळख झाली, आणि त्या ओळखीवर मी दोन वर्षं जेवलो.

कप्तान उंब्रजचा. घरचा ऊस, वडील फौजेत सुभेदार. त्याच्या आईनं दिलेला डबा रोज दुपारी एस.टी.नं कऱ्हाडला यायचा. माझी मेस सुटल्याचं कळल्यावर त्या माउलीनं तीन भाकऱ्यांच्या सहा केल्या. कुणी मागितलं नव्हतं. त्याची परतफेड म्हणून म्हणा, मी रविवारी उंब्रजला जाऊन काकींची पत्रं लिहून देत असे. त्या सांगायच्या, मी लिहायचो, आणि पत्र दूर सरहद्दीवर सुभेदारांकडे जायचं.

त्या हंगामात कप्तानानं गोल भरपूर केले. फेटा त्याचाच, हे सगळे धरून चालले होते. पण बांधावरून मी बघत होतो आमच्या फुलबॅककडे. हा अबोल पोरगा बुटांना नाडीऐवजी सुतळी बांधायचा. सांगलीच्या सामन्यात त्यानं दोन चेंडू नडगीवर घेतले. आम्ही एका गोलानं जिंकलो, पोरांनी कप्तानाला खांद्यावर घेतलं, आणि हा नळावर रक्त धूत बसला. धुऊन झाल्यावर सगळ्यांच्या स्टिका गोळा करून त्यानं मोळी बांधली. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. गुरुवारी मी चिठ्ठीवर फुलबॅकचं नाव लिहिलं. कप्तानाला एक मत कमी पडून काही बिघडणार नाही, असा माझा हिशेब होता. आणि लिहिलं ते आपल्या ठेवणीतल्या अक्षरात, टाकानं, शिरोरेघ ओढून. दुसरं कसं लिहायचं हे मला माहीतच नव्हतं.

डब्यावर कागदाची पट्टी मीच चिकटवली. तेवढ्यात कप्तान आला.

"सर सांगलीला चालल्यात परीक्षेच्या कामाला. शनिवारी चिठ्ठ्या कोण वाचणार?" तो म्हणाला. "आमचं आबा रजेवर आल्यात. त्यांनाच बोलावतो. त्यांच्या हातनं फेटा बांधून घ्यायचाय मला."

माझं अक्षर जगात सर्वांत जास्त कुणी वाचलं असेल तर ते सुभेदारांनी.

त्या दिवशीची भाकरी मी नुसती हातात धरून बसलो. ती एका कडेनं करपलेली होती. अलीकडे रोजच असायची. त्याचं कारण मला ठाऊक होतं. काकींना डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं. हातालाही दोनदा भाजलं होतं. "त्यास्नी लिवू नगंस. तिकडं जिवाला घोर लागंल," असं त्यांनी मला बजावलं होतं, आणि मी प्रत्येक पत्रात 'घरी सर्व ठीक आहे' असंच लिहीत आलो होतो. लेकालासुद्धा त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता.

शुक्रवारी दुपारी मी जिमखान्याच्या खोलीत गेलो. खडू तिथं असत म्हणून किल्ली माझ्याकडे होती. फळीवरचा चिठ्ठ्यांचा डबा खाली काढला. हलवला तर आत चिठ्ठ्या सरकल्या. पट्टी सोडवायची, आपली चिठ्ठी काढायची, कप्तानाचं नाव लिहून टाकायचं. पाच मिनिटांचं काम. माझी चिठ्ठी माझीच होती, कुणाची चोरी नव्हती. मी नखानं पट्टीचं एक टोक उचललं. कागद टरकन थोडा फाटला. मी टोक थुंकीनं चिकटवलं आणि डबा वर ठेवून बाहेर आलो. पुढे लोकांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं तेव्हा हे मी कुणाला सांगितलं नाही. मला थांबवलं ते भीतीनं.

शनिवारी चार वाजता सगळे बांधावर जमले. खाली टेबल, त्यावर डबा, आणि खुर्चीत सुभेदार. ताठ माणूस. त्यांनी पट्टीचं फाटकं टोक बघितलं. मग ती सोडवून झाकण उघडलं.

चिठ्ठ्या निघू लागल्या. कप्तान. कप्तान. पुन्हा कप्तान. एका चिठ्ठीवर कुणीतरी पंचाचंच नाव लिहिलं होतं, त्यावर हशा पिकला. मी हसलो नाही. माझं लक्ष उलगडणाऱ्या प्रत्येक घडीकडे होतं.

मग सुभेदारांचा हात थांबला. त्यांनी चिठ्ठी जवळ धरली, लांब धरली. मान वर न करता फुलबॅकचं नाव वाचलं आणि कागद बांधाकडे वळवला.

"आरं, ह्ये तर फळ्यावरचं अक्षर!" मागून एकजण ओरडला.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दुसरा म्हणाला, "काय गड्या, उद्यापास्नं डबा कुणाचा खातूस?"

बांध हसला. फुलबॅकनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि बुटाची सुतळी आवळायला तो खाली वाकला. ती सुटलेली नव्हती. कप्तान समोर बघत उभा होता. सुभेदारांनी इतर चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या होत्या. ही मात्र घडी करून खिशात घातली.

फेटा कप्तानालाच मिळाला. बापानं लेकाला बांधला. मीही टाळ्या वाजवल्या.

सगळे गेल्यावर कप्तान माझ्याजवळ आला. "फेट्याला तुझं मत कमी पडलं न्हाई," तो म्हणाला. "मला पडलं." मग त्यानं निरोप दिला, "आबांनी उद्या घरी बोलावलंय."

रविवारच्या उंब्रजच्या एस.टी.त जागा असूनही मी उभाच राहिलो. ते जेवण बंद करतील, दारातूनच हाकलतील, काकी तोंड फिरवतील. मग कॉलेज सोडून मेंढरांमागं जायचं, इथपर्यंत मी मनात येऊन पोचलो होतो.

सुभेदार अंगणात बाजेवर बसले होते. कप्तान भिंतीला टेकून उभा. काकी स्वयंपाकघराच्या दारात. सुभेदारांनी खिशातून चिठ्ठी काढली.

"तुझीच का?"

"व्हय, काका."

"पट्टी कुणी फाडली?"

"मीच. काढून घेणार होतो. धीर झाला न्हाई."

त्यांनी चिठ्ठी बाजेवर ठेवली. मग म्हणाले, "ह्या अक्षरावर मी दोन वर्सं तिकडं झोपतोय. घरी सर्व ठीक आहे, असं लिहितोस. काल ही चिठ्ठी बघितली आणि वाटलं, ह्यो पोरगा भिऊन का हुईना, खरं लिहितो. म्हणून इचारतो. ती पत्रं खरी हाईत?"

मी काकींकडे बघितलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. ज्या हातचं मी दोन वर्षं खाल्लं तो हात पदराखाली लपला होता. खरं बोललो तर काकी तुटणार, खोटं बोललो तर हे. कालची भीती याच्यापुढे काहीच नव्हती.

"काकींना डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई," मी म्हणालो. "आठ म्हयनं झालं."

"आगाव पोरगं!" काकी कडाडल्या. "ह्यापायी लिवायला बशिवला व्हय रं तुला?" आणि त्या आत निघून गेल्या.

कप्तान टेकणं सोडून सरळ झाला, पण जागेवरच राहिला. सुभेदार उठून आत गेले. मला जा म्हणालं नाही की बस म्हणालं नाही कुणी. मी पायीच एस.टी.च्या थांब्यावर आलो.

सोमवारी दुपारी कऱ्हाडच्या स्टँडवर उंब्रजची गाडी लागली तेव्हा डब्यात माझ्या वाटणीच्या भाकऱ्या नसणार अशी माझी खात्री होती. तरी गेलो. कप्तान माझ्या आधीच तिथं उभा होता. डबा न्यायला तो कधी येत नसे. कंडक्टरनं डबा त्याच्या हातात दिला. "आज जड हाय रं," म्हणाला.

आम्ही बाकावर बसलो. कप्तानानं झाकण काढलं. मी आधी मोजल्या. सहा होत्या. बोटाएवढ्या जाड, एकही गोल नाही.

"आबांनी थापल्यात," तो म्हणाला. "आईला चुलीपाशी जाऊ देईनात. बुधवारी मिरजंला डोळं दाखवायला नेणार हाईत. ती तुझ्यावर लय चिडलीया."

"आणि तू?"

त्यानं तीन भाकऱ्या माझ्याकडे सरकवल्या. "मीबी," तो म्हणाला. "खा आता. आन् नीट चाव, आतनं कच्च्या हाईत."