जोडीचा सोमवार

चौदा वर्षे मी सोमवारचा उपवास करत असल्याचे ढोंग केले. ते जिच्यापासून लपवले, ती माझी पत्नी त्याच घरात, त्याच दिवशी, खरोखर उपाशी असे.

आमची मुलगी अकरा वर्षांची असताना मेंदूज्वराने नगरच्या एका दवाखान्यात पडून होती. ती शुद्धीवर आली त्या दिवशी पत्नीने नवस बोलला. मुलीच्या मांडीवर मूल येईपर्यंत आम्ही दोघे जोडीने सोमवार करू, संध्याकाळी दिवा लावून एकत्रच सोडू, एकाने दुसऱ्याच्या आधी जेवणाचा घास घ्यायचा नाही. मी मान डोलावली. पहिला महिना मी तो पाळलाही.

त्यानंतरच्या एका सोमवारी, संगमनेरला ज्या डेअरीत मी दुधाचे नमुने तपासत असे, तेथील कॅन्टीनमध्ये सहकाऱ्यांबरोबर मिसळ खाल्ली. भूक अनावर झाली होती असे म्हणता येणार नाही. घरचे कोणी पाहणारे नव्हते, एवढेच. कामावर ताकद राहावी म्हणून दुपारच्या फराळापुरती तिने मला सूट दिली होती; तो घरून आलेला भगर-आमटीचा डबाही मी संपवला, कारण तो भरलेला परत नेणे शक्य नव्हते. कांद्याचा वास जावा म्हणून घरी परतताना लवंग चघळली. मग तीच रीत पडली.

एका सोमवारी मला यायला बराच उशीर झाला. ती थांबली होती. ओट्यापाशी चक्कर येऊन पडली आणि तिचे मनगट मोडले. दवाखान्यात हाताला प्लास्टर चढत असताना तिने शेजारच्या बाईकडून एक केळे मागून घेतले आणि माझ्यापुढे धरले. म्हणाली, "माझ्यामुळे तुमचा उपास लांबला. तुम्ही आधी खा." मी ते खाल्ले.

यंदा माझा रक्तदाब वाढला, पोट सुटले. सोनईच्या अलीकडे, उसाच्या शेतांमध्ये असलेल्या एका निसर्गोपचार केंद्रात पाच दिवसांचा शुद्धी-उपवास करायचे ठरले. मुलीचे दिवस भरत आले होते. "बाळंतपणाआधी आपण दोघं ठणठणीत झालेलं बरं," असे म्हणून पत्नीही निघाली.

पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाला उपवासाची सवय विचारली. नवख्यांना फळांचा रस आणि दुधीचे सूप, सवयीच्या माणसांना पहिले तीन दिवस केवळ पाणी आणि लिंबू, अशी तेथील पद्धत होती. माझ्या वतीने पत्नीनेच उत्तर दिले.

"यांचे चौदा वर्षांचे सोमवार आहेत. एकही चुकलेला नाही. यांना पाणी पुरेल. आणि मला यांच्यासारखंच द्या, आमचं जोडीचं असतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "खरं ना, सर? तक्त्यावर लिहू?"

मी हो म्हणालो. आमच्या दोघांच्या खाटांवरील तक्त्यांवर 'केवळ पाणी' असे लिहिले गेले.

दुसऱ्या दिवशी मला भूक म्हणजे काय ते कळले. सकाळी पोटावर मातीची पट्टी, मग टबात कमरेपर्यंत पाण्यात बसून कटिस्नान, मग पांढरट जिभेने झाडाखाली बसून राहणे. वारा फिरला की जवळच्या गुऱ्हाळावरून उकळत्या रसाचा वास थेट आवारात येई. समोरच्या खाटेवर राहुरीकडचे एक जाडजूड शेतकरी होते, त्यांना रस मिळत असे. ते पेला हातात धरून मला न्याहाळत.

"सर, तुमी लई मुरलेले दिसता. मी आयुष्यात एकच उपास केला, लग्नाच्या दिवशी. त्याचं फळ अजून भोगतोय."

मी हसण्याचा प्रयत्न केला.

"हसू नगा, ताकद जाईल. पर चौदा वर्सं म्हंजी काय चेष्टा हाय? तरी सवयीच्या मानसाचं त्वांड असं उतरत न्हाई. खरं सांगा, कुटं दुखतंय का?"

"नाही," मी म्हणालो. त्यांनी पेल्यातला उरलेला रस सावकाश संपवला आणि पुढे काही विचारले नाही. मला वाटले, यांना कळले आहे. दिवसभर मी त्यांच्याकडे पाहणे टाळले.

बायकांची खोली अंगणाच्या पलीकडे होती. संध्याकाळी पत्नी व्हरांड्यात भिंतीला धरून चालताना दिसली. मी विचारले, तर म्हणाली, "सोमवारचंच थोडं लांबलंय. तुम्ही आहात ना बरोबर."

तिसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणे आले. ती खाटेवर टेकून बसली होती, ओठ कोरडे आणि पांढरे. डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा मोजला होता. त्यांच्या हातात मोसंबीच्या रसाचा पेला होता.

"ताई, हे आत्ता घ्या. नाहीतर सलाईन लावून मला तुम्हाला नगरला पाठवावं लागेल."

"संध्याकाळपर्यंत थांबते. हे सोडतील तेव्हा सोडेन."

"मीही आत्ताच सोडतो," पेल्याकडे हात नेत मी म्हणालो. "दोघं मिळून घेऊ."

तिने माझा हात बाजूला केला. "दिवा लागायच्या आत? आज सोमवार आहे, विसरलात? इतकी वर्षं धरलेलं तुम्ही माझ्यापायी मोडायचं नाही. पोरीचे दिवस भरत आलेत. तिच्यावर काही आलं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

तो सोमवार आहे हे मी खरोखरच विसरलो होतो. तीन आठवडे आणखी गप्प राहिलो असतो तर नवस फिटला असता, आणि माझे गुपित माझ्याबरोबरच राहिले असते. डॉक्टर मला म्हणाल्या, "सर, तुमचं ऐकतील त्या. काहीतरी सांगा."

मी खाटेच्या कडेला बसलो.

"मोडायला काही नाहीच," मी म्हणालो. "मी सोमवार करत नाही."

"म्हणजे?"

"डेअरीत जेवायचो. मिसळ खायचो. पहिल्या महिन्यानंतर दर सोमवारी."

डॉक्टर खिडकीपाशी सरकल्या.

"आणि डबा?"

"तोही खायचो."

"दोन्ही?" तिच्या आवाजात राग नव्हता, हिशोब न लागल्यासारखे काहीतरी होते. मग तिने डॉक्टरांपुढे हात केला. मी पेला घेऊन देऊ लागलो, तर माझ्याकडून घेतला नाही; त्यांच्याच हातून घेतला. थोडा थोडा करून अर्धा रस प्यायली, आणि पेला मांडीवर धरून बसली. तिच्या मनगटाचे हाड, जिथे ते नीट जुळले नव्हते, तिथे किंचित वर आलेले दिसत होते.

"मग त्या दिवशी केळं कशाला खाल्लंत?"

"तू दिलंस म्हणून. नाही म्हणालो असतो तर सगळं सांगावं लागलं असतं."

तिने पेल्यात पाहिले. मी तिच्या शेजारी बसलो होतो, आणि अंगणापलीकडून शेतकऱ्याचे खोकणे ऐकू येत होते. चौदा वर्षे हे वाक्य मी मनात जुळवत आलो होतो. बोललो तेव्हा ते तसे मुळीच नव्हते.

"माझं चुकलं. तू हात मोडून बसली होतीस, आणि मी भरल्या पोटी तुझ्या हातून केळं घेतलं. तुला इतकी वर्षं एकटीला उपाशी ठेवलं. मला माफ कर."