माझा पेपर, तिचा फ्लेक्स

दहावीची परीक्षा मी तोंडानं दिली. मला दिसत नाही, म्हणून मी सांगायचं आणि लेखनिकानं लिहायचं. तासाला वीस मिनिटं जादा. लेखनिक मात्र खालच्या वर्गातला हवा, म्हणजे त्याला उत्तरं येऊ नयेत. शाळेनं नववीतली एक पोरगी दिली. तिला खरोखरच काही येत नव्हतं. 'प्रकाशसंश्लेषण' मी एकेक अक्षर फोडून सांगितलं, तर म्हणाली, "ताई, सोपा शब्द सांग ना, हात दुखून राह्यला." जादा वेळ तिच्या खाडाखोडीतच गेला.

तरी मी चांगल्या मार्कांनी पास झाले. मारेगावच्या चौकात त्या लेखनिक पोरीच्या बापानं फ्लेक्स लावला. आई तो वाचून आली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"आमच्या कन्येमुळे अंध भगिनी उत्तीर्ण. तिचा फोटो हा एवढा, अन् तुहा कोपऱ्यात."

एवढा म्हणजे केवढा, ते तिनं हातानं दाखवलं असणार. मला काय कळणार, कप्पाळ!

शाळेत सत्कार झाला. शाल-नारळ तिला, मला गुलाबाचं फूल. शेजारची बाई कानाशी म्हणाली, "तुहं नशीब बाई, हुशार पोरगी भेटली." मी हसले. दात दाखवायला डोळे लागत नाहीत.

पुढच्या वर्षी ती स्वतः दहावीला बसली आणि विज्ञानात आपटली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता तरी गावाला कळेल, माझा पेपर कोणाच्या डोक्यातून उतरला होता! आई नको नको म्हणत असताना मी तिला पेढे घ्यायला चौकात नेलं.

"पेढे कायचे वं?" दुकानदार म्हणाला. "त्या पोरीचं वर्ष गेलं. तुह्या पेपरात तिचं सारं डोकं खर्ची पडलं, गाव म्हणून राह्यलं."

मी तशीच माघारी वळले. वाटेत आई हळूच म्हणाली, "खोटं नाही बोलला तो. एकडाव जाऊन ये तिच्या घरी. ती नसती तं तू कायची पास होत होती!"

मी आईचा हात झटकला. चार पावलांवर खड्डा लागला, आणि तोच हात मला पुन्हा धरावा लागला.