दत्तूभाऊंची कन्सोल केबल

आमच्या लालबागच्या केळी कंपनीत सर्व्हर सांभाळतात ते दत्तात्रय, सगळ्यांचे दत्तूभाऊ. वडील इथून जवळच्याच नेपानगरच्या पेपर मिलमध्ये नोकरीला आले आणि सगळं घर इकडचंच झालं. गेल्या काही वर्षांत भाऊंची नजर कडेकडेनं मिटत आली. आता त्यांना उजेड तेवढा कळतो. म्हणून मालक भूपेंद्रशेठनी ठरवून टाकलं की सोमवारपासून त्यांना सर्व्हरवरून काढून फोन घ्यायला बसवायचं. शेठ माणूस वाईट नाही, पण दया आली की त्यांचं डोकं चालत नाही. भाऊंच्या जिवाला ते फार लागलं होतं.

मी वजनकाट्यावर बसते. शुक्रवारी सकाळी वीज गेली, परत आली, पण सर्व्हर काही उठेना. स्क्रीन जोडून पाहिली, तर काळी ठिक्कर. सर्व्हरशिवाय वजनाची पावती निघत नाही, म्हणून बाहेर केळी भरलेल्या गाड्या उन्हात उभ्या.

"इंदूरवाला इंजिनिअर येऊन राहिला संध्याकाळपर्यंत," शेठ म्हणाले. "दत्तूभाऊ, तुम्ही राहू द्या ना. उगाच तुमच्यावर काही यायचं."

"तो येईपर्यंत मी बघतो," म्हणत भाऊंनी बॅगेतून कन्सोल केबल काढली.

सर्व्हरच्या मागे नऊ पिनांचा एक जुन्या धाटणीचा पोर्ट असतो. तिथे केबल लावून दुसरं टोक लॅपटॉपला जोडलं की सर्व्हर सुरू होताना जे काही सांगतो ते नुसत्या अक्षरांत येतं. ना चित्र, ना माउस. आणि अक्षरं भाऊंचा लॅपटॉप मोठ्यानं वाचून दाखवतो. नजर साथ देणार नाही हे कळलं तेव्हाच त्यांनी सर्व्हरला सवय लावून ठेवली होती, बोलायचं ते ह्याच तारेतून. स्क्रीन काळी होती ती त्यामुळे.

बोटांनी चाचपून त्यांनी केबल बसवली, दोन्ही स्क्रू आवळले. लॅपटॉप बोलू लागला, पण नुसतं अगडबगड. शेठ पुटपुटले, "रहने दो, भाऊ." मला असा राग आला की काय सांगू. आंधळ्या माणसाची कीव करायची हौस असते काही लोकांना.

भाऊ मात्र ऐकतच होते. "सर्व्हर बरोबर बोलतोय. माझा लॅपटॉप नवा आहे, त्याचा अक्षरं घेण्याचा वेग जुळत नाही." दोन्हीकडचा वेग सारखा नसला की अक्षरांचा भुगा होतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी वेग बदलला आणि एंटर दाबलं.

आता शब्द आले. डिस्क तपासायची आहे, पासवर्ड द्या. भाऊंनी दिला. मग सर्व्हर एकेक बिघाड सांगे, दुरुस्त करू का विचारे, आणि भाऊ पूर्ण ऐकून घेऊन हो म्हणत. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता, पण त्यांनी हात कीबोर्डवरून काढला नाही. शेवटी सर्व्हर सुरू झाला. माझ्या काट्यावर पहिली पावती निघाली.

भाऊ केबल गुंडाळत म्हणाले, "शेठ, यूपीएसची बॅटरी संपलीय, वीज गेल्यावर तिनं दम धरला नाही. नवी मागवा. सोमवारी मी बसवतो."

सोमवारी. शेठनी माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर मीच द्यायचं होतं.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हटलं. "कोणती मागवायची ते विचारा की त्यांना."

शेठनी खिशातून पेन काढलं, भाऊंच्या शेजारची खुर्ची ओढली आणि विचारलं.