आक्काच्या मेसेजला लाल टॅग

आमच्या कंपनीत खराब निघालेल्या मालाला लाल टॅग लावतात. टॅगवर मोठ्या अक्षरात 'रिजेक्ट' आणि खाली कारण. तो लावायचा अधिकार क्वालिटीवाल्यांना, म्हणजे मला. चाकणच्या त्या कारखान्यात बाकीचे लोक गाडीचे सुटे भाग बनवतात आणि मी ते नाकारतो. वर्षानुवर्षं हेच करून माझा स्वभावही तसाच झालाय, असं बायको म्हणते. तिचं हे मत मी कारण देऊन नाकारलेलं आहे.

काळेवाडीहून सकाळी कंपनीची बस सुटते. भोसरीपर्यंत सगळे पेंगत असतात. मोशीच्या पुढे गाड्यांची रांग लागली की बसला कंठ फुटतो. मोबाइलच्या टॉवरने चिमण्या मेल्या का, चंद्रावर माणूस खरंच गेला होता का, एआय आधी आपली नोकरी खाणार की साहेबाची, असे विषय निघतात. मी डिप्लोमावाला, त्यामुळे विज्ञानाची बाजू आपणच सांभाळायची असं मी ठरवून टाकलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. टॉवरचा विषय निघाला की मी लहरींचे प्रकार समजावून सांगायचो. चाकणकडच्या गावांतली शेतकऱ्यांची पोरं मोशीला बसमध्ये चढतात, ती मान डोलवायची आणि 'बराबर हाय राव' म्हणून पुन्हा टॉवरला शिव्या घालायची.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण माझी भाची हिंजवडीला आयटीत आहे, तिने सगळ्या नात्यागोत्याचा एक ग्रुप काढला आणि मला त्यात घेतलं. तिथे रोज पहाटेपासून माल यायचा. आज रात्री आकाशातून घातक किरण येणार, फोन उशाला घेऊ नका. अमुक पानांचा रस प्या, चष्मा कायमचा सुटेल. मला राहवेना. चहाच्या सुट्टीत मी फोनवर एक लाल चौकोन बनवला, वर 'रिजेक्ट' लिहिलं, खाली कारणाची जागा मोकळी ठेवली. मग जो मेसेज येईल त्याच्यावर तो डकवायचा. कारण: पुरावा नाही. कारण: स्रोत अज्ञात. कारण: डोके वापरावे. हळूहळू ग्रुपवरचे मेसेज कमी झाले आणि मी बायकोला म्हणालो, बघ, लोकांत जागृती होतेय.

आता आक्काबद्दल सांगायला हवं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, त्या भाचीची आई. आमची आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं. माझं नाक पुसण्यापासून मला शाळेत नेऊन बसवण्यापर्यंत सगळं तिने केलं. तिला दिलं ते चाकणजवळच्याच गावात. त्यांची निम्मी जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्यात कांदा करतात आणि घरामागे कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्यात. आक्काला काही वर्षांपासून शुगर आहे. फोन तिच्या हातात उशिराच आला. टाइप करता येत नाही म्हणून ती फोनशी बोलते आणि फोन ते लिहून घेतो.

तर गेल्या वर्षी एका सकाळी आक्काने ग्रुपवर पहिल्यांदाच स्वतःचा असा मेसेज टाकला. एका लाकडी पेल्याचा फोटो, आणि खाली, 'ह्या पेल्यात रातभर पानी ठेवायचं. शुगरला लई चांगलं हाय. मी घेती. समद्यांनी घ्या.' मी बसमध्ये होतो, रांग लागलेली होती. मिनिटभरात मी लाल टॅग लावला. कारण: अंधश्रद्धा. गोळ्यांना पर्याय नाही. त्याखाली शास्त्रीय माहितीचे चार लांबलचक मेसेज पाठवले. त्या ग्रुपवर आक्काच्या जावा होत्या, नणंद होती, नवे व्याही होते. कुणीतरी हसणारा चेहरा टाकला. आक्काने काहीच लिहिलं नाही, म्हणून मला वाटलं तिला पटलं.

दुसऱ्या दिवशी भाचीने मला ग्रुपमधून काढून टाकलं.

मी तिला तावातावाने फोन केला. म्हणालो, हा माझ्या बोलण्याच्या हक्कावर घाला आहे. वेगळं मत मांडणाऱ्याला हाकलायचं ही कुठली पद्धत? ती ऑफिसच्या कॅबमध्ये असावी, मागे हॉर्न वाजत होते. ती म्हणाली, "मामा, परवाच तर तुम्ही म्हणालात की असले मेसेज टाकणाऱ्यांचे फोन जप्त केले पाहिजेत. त्यांच्या हक्काचं काय?" मी म्हणालो, तो वेगळा मुद्दा आहे. तो वेगळा कसा, हे मला अजून नीट सांगता आलेलं नाही.

मग मी बायकोचा फोन बघायला लागलो. ती त्या ग्रुपवर होतीच. याच बायकोला मी पासवर्ड कसा ठेवावा, प्रत्येकाची खासगी माहिती ही त्याची मालमत्ता कशी असते, यावर जेवणाचं ताट निवेपर्यंत ऐकवलेलं आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. ती आंघोळीला गेली की मी ग्रुप वाचायचो. तिथे आकाशातले किरण पुन्हा सुरू झाले होते आणि माझ्याकडे टॅग असून लावता येत नव्हता.

असाच एकदा वाचत असताना भाचीने बायकोला वेगळा पाठवलेला मेसेज दिसला. 'मामी, आईने शुगरच्या गोळ्या बंद केल्यात. पेल्याचं पाणीच घेते म्हणते. पायाच्या अंगठ्याला दगड लागला होता, ती जखम भरत नाहीये. डॉक्टर म्हणाले, शुगर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल. मामाला सांगू नका, ते येऊन भाषण देतील.'

आक्का अनवाणी कांद्याच्या वावरातून डोक्यावर पाटी घेऊन चालायची, ते चालणं डोळ्यांपुढे आलं. फोन वाचल्याचं बायकोला कबूल केलं. काहीतरी केलं पाहिजे असं वाटलं. मग रविवारी मी गेलो आणि भाषण दिलं.

नुसतं भाषण नाही. कंपनीत आम्ही मापं हद्दीत राहतात की नाही ते बघायला आलेख काढतो, तसा मी दाजींकडून रिपोर्ट मागवून आक्काच्या शुगरचा काढून नेला. वरची हद्द लाल, खालची हद्द लाल, मध्ये निळी रेघ. तिच्या ओसरीवर तो पसरून बसलो. आमच्याकडे दोषाच्या मुळाशी जायला पुन्हा पुन्हा 'का?' विचारायची पद्धत आहे. मी विचारलं, "गोळ्या का सोडल्यास?"

"त्या किडनी खात्यात."

"असं तुला का वाटतं?"

आक्का उठून आत गेली. चहाचा कप आणून माझ्यासमोर ठेवला. मी आलेख समजावत राहिलो, ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं तुझं? च्या घे, निवतोय." आणि माझ्याकडे बघत तिने लाकडी पेला तोंडाला लावला. दाजी खाटेवर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर आणखी वर धरला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "पाय कसाय त्यांचा?"

पाय बघायचं राहूनच गेलं होतं. बायको म्हणाली, "ग्रुपवर एवढ्या पाहुण्यांसमोर तुम्ही त्यांना अडाणी ठरवलंत. आता त्या गोळी घेतील तर तुम्ही खरे ठरता. मी त्यांच्या जागी असते तर दोन पेले प्यायले असते." हे विश्लेषण माझ्या आलेखापेक्षा चांगलं होतं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

पुढचे काही दिवस कामात लक्ष लागेना. चांगला माल नाकारला, सुपरवायझर बोलला. शेवटी एका दुपारी कँटीनच्या मागे बसून मी आयुष्यात कधी करणार नाही म्हटलेलं काम केलं. एक खोटा मेसेज लिहिला. वर जोडलेले हात, दोन गुलाब, पेटती समई. 'लाकडी पेल्याचे पाणी घेणाऱ्यांनी सावधान! हे पाणी शुगरच्या गोळीसोबत घेतल्यास दुप्पट गुण येतो. गोळी सोडून नुसते पाणी घेतल्यास गुण उलटतो व जखमा भरत नाहीत. जाणकार वैद्यांचा अनुभव. गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. माहिती गावोगावी पोहोचवा.' वाचून बघितलं तर इतकं बेमालूम जमलं होतं की मला स्वतःची भीती वाटली.

बायको म्हणाली, माझ्या फोनवरून अजिबात पाठवायचं नाही. म्हणून मी तो बसच्या ग्रुपवर टाकला. ज्या पोरांना मी इतकी वर्षं फॉरवर्ड करू नका म्हणून सांगत होतो, त्यांच्याच जिवावर. ती चाकणच्या आसपासच्या गावांतली, घरोघरी कुणाला ना कुणाला शुगर. एक जण बसमध्ये म्हणाला, "भाऊ, तुमी पाठवलाय म्हंजे खराच असनार." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मोशीपासून चाकणपर्यंत मान वळवली नाही.

मेसेज जो सुटला तो सुटलाच. आठवड्याभरात तो बायकोच्या भिशीच्या ग्रुपवर आला. तोवर त्यात कुणीतरी भर घातली होती, 'पेला पूर्वेकडे तोंड करून ठेवावा.' पेल्याला तोंड एकच, ते वर असतं! मी संतापलो. माझा मजकूर, माझ्या परवानगीशिवाय बदललाच कसा? लेखकाला काही हक्क आहेत की नाहीत? बायको हसून हसून बेजार झाली. माझा हात सवयीने लाल टॅगकडे गेला होता, पण कुणाच्या मेसेजला लावणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाचीचा फोन आला. आईने गोळ्या सुरू केल्या. पाणीही घेते, पण गोळी आधी. मी जिना चढत होतो, तिथेच पायरीवर बसलो. आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा माजही चढला. काय डोकं लावलं आपण, असं मनातल्या मनात म्हणून घेतलं.

अंगठ्याची पट्टी सोडायची होती त्या रविवारी मी आक्काकडे गेलो. या वेळी कागद नेला नाही. ती ओसरीवर पाय पुढे करून बसली होती. मी तिच्या पायाशी बसून पट्टी सोडली. जखम कडेने सुकत आली होती, मधे अजून ओली होती. नख काळं पडून गेलं होतं. अंगठा मात्र राहणार होता, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. एवढा मोठा घाव, आणि मी त्याच्यासमोर बसून आलेख वाचून दाखवला होता.

कापूस ओला करता करता मी साळसूदपणे विचारलं, "गोळ्या कशा काय सुरू केल्यास गं?"

"मेसेज आलावता," आक्का म्हणाली. "तुझा."

मी कापूस तसाच धरून राहिलो.

"समया लावल्यास, गुलाब लावलंस, समदं केलंस. पन डाक्टरला इचारा आसं कोन लिवतं रं त्यात? वाचून घेतला आन म्हनलं, ह्यो आपल्या बारक्याचाच."

"मग? खोटा आहे हे कळलं, तरी गोळी घेतलीस?"

"तू खरं सांगाय आलावतास, तवा न्हाई घ्यावी वाटली," ती म्हणाली. "तवा तुला जिकायचं हुतं. कागुद घिऊन आलास, माझ्याकडं बघितलं बी न्हाईस. आन मग ह्यो मेसेज. ल्हानपनापासनं कधी थाप न्हाई मारलीस तू, मार खाल्लास पन खोटं न्हाई बोललास. म्हनलं, आता बोललाय, म्हंजे लई भ्यालंय पोरगं." तिने माझ्याकडे बघितलं. "भ्यालावतास न्हवं?"

इतक्या महिन्यांत मी तिला शुगरबद्दल, किडनीबद्दल, पुराव्याबद्दल सगळं ऐकवलं होतं. हे एक तेवढं सांगितलं नव्हतं. काळेवाडीला आल्यापासून मी गावची बोली सोडून दिलेली आहे, शुद्ध बोलतो. तरी तोंडातून तेच आलं.

"व्हय आक्का," मी म्हणालो. "लई."