आधी मीटिंग

दुपारची जेवणं उरकून इंदुमती जरा आडवी होते. संध्याकाळी नवऱ्याची शोकसभा आहे आणि चौकात मंडपवाले माइक तपासतायत. कुणीतरी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघतंय : कैलासवासी रंगराव मोहिते शेवटच्या श्वासापर्यंत संस्थेसाठी झिजले. तिचे डोळे जड होतात, पण दात मात्र आवळलेलेच राहतात.

"पंखा लावू का गं?"

रंगराव पलंगाच्या कडेला बसलेले आहेत. पांढरा शर्ट, अंगाला साबणाचा वास. ते गेलेत हे तिला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे, आणि त्याचं दोघांनाही नवल वाटत नाही.

"एवढा घाम कशानं आलाय तुम्हाला?" ती विचारते.

"पित्त झालंय. गार दूध दे थोडं."

ते गेले त्या दिवशी सकाळीही हेच म्हणाले होते. ती दूध आणायला उठते, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडते आणि पाणीवापर संस्थेच्या हॉलमध्ये येते. कालव्याच्या पाळ्यांवरून माणसं एकमेकांच्या अंगावर जातायत. अध्यक्षांच्या खुर्चीत रंगराव. त्या दिवशी ती इथं नव्हती, सगळं नंतर कानावर आलं. आता डोळ्यांनी बघते आहे. डावा हात मांडीवर तसाच पडलाय. उजव्या हातानं ते जबडा चोळतायत, मान पुसतायत, पाण्याचा घोट घेतायत, आणि कुणाला काही सांगत नाहीत.

"उठा," ती म्हणते. "भाऊजी गाडी घेऊन बाहेर उभे आहेत. पाऊण तासात तालुक्याला पोचाल."

"आधी मीटिंग. आत्ता उठलो तर समोरची पार्टी म्हणेल, घाबरून पळाला."

"म्हणू द्यात की."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

खुर्च्यांच्या मधूनमधून सलाइनचे स्टँड उभे राहिलेत. हॉलला आता फिनेलचा वास येतोय आणि रंगराव खाटेवर आहेत. तालुक्याच्या दवाखान्यातली ती तरुण डॉक्टरीण सुई भरत भरत सांगते आहे, "हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय. ती विरघळवणारं हे इंजेक्शन. देतोय आपण. पण सकाळी आणलं असतं तर..."

पुढचं ती तेव्हाही बोलली नव्हती. तेव्हापासून इंदुमती रोज ते वाक्य मनातल्या मनात पुरं करते आहे.

"दिलं ना इंजेक्शन?" रंगराव विचारतात.

"दिलं. दिवस मावळताना. तोवर निम्मं हृदय मेलं होतं."

"नशीब एकेकाचं."

"नशिबाचं नाव काढू नकोस."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण नवऱ्याला तिनं कधी अरे-तुरे केलं नव्हतं. आता तोंडातून गेलं ते गेलं, आणि मागं घ्यावंसंही वाटत नाही.

"कालव्याच्या चारीत गाळ अडकला तर भरल्या ताटावरनं उठून जायचास तू. दुसऱ्याचा ऊस वाळू नये म्हणून. आणि स्वतःच्या छातीत अडकलं तर दूध मागितलंस. दवाखान्यात औषध होतं. दारात गाडी होती. मी होते. तुला उठायला कमीपणा वाटला."

मीटिंगमधली माणसं खाटेभोवती गोळा झालीत. रंगराव आवाज खाली आणतात. "लोक ऐकतायत."

"ऐकू देत."

"संध्याकाळी काय बोलणार आहेस?"

"हेच."

"माझी अब्रू जाईल, इंदू."

"तुझी अब्रू तू जीव देऊन राखलीस. आता मला नको सांगूस राखायला."

ते छताकडं बघतात. मग तोंड न वळवता म्हणतात, "दुखत होतं गं. फार दुखत होतं. भ्यायलो होतो, म्हणून पित्त म्हटलं."

हे ऐकून तिचा राग निवायला हवा होता. तो डोक्यात जातो. "मग मला सांगायचंस," ती म्हणते आणि उघड्या तळव्यानं त्यांच्या छातीवर मारते. पुन्हा मारते. "मला सांगायचंस." छाती ऊन आहे, जिवंत माणसाची असते तशी, आणि ते हात धरत नाहीत, मारू देतात.

"वहिनी, उठा. लोक जमायला लागलेत." दारात सर्जेराव, तिचा धाकटा दीर. "तुम्ही नुसत्या पुढं बसा. बोलायचं आम्ही बघतो."

"नाही भाऊजी. पहिली मी बोलणार आहे."

तिचं तोंड बघून तो दारातून बाजूला होतो.

ती उठून बसते. उजवा तळवा ठणकतोय. रंगरावांचे शर्ट तेराव्यालाच देऊन टाकलेत, घरात एकही उरलेला नाही. तरी तळव्याच्या मधोमध शर्टाच्या बटणाचा गोल वळ उमटलाय, लालभडक, चार भोकांसकट.